यादीतला एक रकाना

(पुण्यातल्या एका युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय 'आपले छोटे व्यवसाय आणि आपण'. आधीच सांगतो, मी धंदा केलेला नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पगार पहिल्या तारखेला खात्यात येतो. दुकानाचं शटर उघडून गिऱ्हाइकाची वाट बघणं काय असतं, हे मी फक्त दुसऱ्यांकडे पाहून शिकलो. पण गेले काही महिने मी एक शीट सांभाळतोय. साधी एक्सेलसारखी यादी. तिच्याबद्दल सांगतो.

सुरुवात 2025च्या फेब्रुवारीत झाली. अहिल्यानगर जिल्ह्यात मढी गावी कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ती चालते. भटक्यांची पंढरी म्हणतात तिला. तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. पुढे प्रशासनानं तो ठराव रद्द ठरवला. पण बातमी आली त्या रात्री आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं असेल ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्याही ग्रुपवर झालं असेल. आधी राग. मग दुःखाचे इमोजी. मग कुणीतरी लिहिलं, "ते असं करतात ना, मग आपणही आपल्याच माणसांकडून घेऊ. मुस्लिम दुकानांचं ॲप काढा." आणि सगळ्यांनी मला टॅग केलं.

मला ते पटलं होतं. आज इथे उभं राहून मी शहाणपणाचा आव आणणार नाही. दोन रात्री बसून मी शीट तयार केली. रकाने होते दुकानाचं नाव, धंदा, मालक, धर्म, पत्ता, फोन. ॲप नंतर, आधी माहिती गोळा करू म्हटलं. पहिल्या रविवारी वही घेऊन आमच्याच भागात निघालो.

पहिलं दुकान गादीवाल्या चाचांचं. पिंजारी. लहानपणी आमच्या घरच्या गाद्या तेच पिंजून द्यायचे. तेव्हा खांद्यावर धनुकली असायची, आता मशीन आहे. मी सगळं समजावलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ये लिस्ट कौन देखेगा बेटा?"

मी म्हटलं, आपले लोक.

ते हसले. "अपने लोगां तो ऑनलाइन गद्दा मंगाते." मग मराठीत आले, कारण हिशेब ते मराठीत करतात. "दसरा-दिवाळीच्या आधी सोसायट्यांमधून फोन येतात. लग्नसराईत नवरीच्या गाद्या. आता तूच सांग, यात आपले किती? माझ्या नावापुढे तू मुस्लिम लिहून गावभर वाटलंस तर माझं भलं होणार का नुकसान?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर ते उत्तर मला आधीच यायला हवं होतं, कारण आमच्या कामात पहिला धडाच हा असतो: जी माहिती लागत नाही, ती गोळा करू नका. एकदा गोळा केली की ती कुणाच्या हाती जाईल ते आपल्या हातात राहत नाही. मी मात्र चांगल्या मनानं, स्वतःच्या लॅपटॉपवर, माझ्या वस्तीतल्या प्रत्येक मुसलमान दुकानदाराचा पत्ता आणि फोन नंबर धर्माच्या रकान्यासकट एका फाइलमध्ये भरायला निघालो होतो. बहिष्काराची हाक देणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

घरी येऊन तो रकाना उडवला.

पण हे भीतीपोटी केलं असं समजू नका. भीती होती, नाही म्हणत नाही. त्याहून मोठं कारण पुढच्या रविवारांनी दाखवलं. धर्म लिहायचा म्हटला तरी तो कुठे लिहायचा हे कळेना. रमजानच्या बाजाराचंच घ्या. मोमीनपुऱ्यात किंवा कौसरबागेत संध्याकाळी जी फळांची गाडी उभी असते तिच्यावरचं कलिंगड पिकवणारा शेतकरी बहुतेक वेळा हिंदू असतो, आणि रोज्यात कलिंगडाला भाव येतो हे तो लागवड करतानाच डोक्यात धरतो. बकरी ईदचा बोकड धनगराच्या, छोट्या शेतकऱ्याच्या दारात वाढतो. उलट बाजूनं पाहा. लग्नात नवरीला हिरवा चुडा भरतात. तो भरणारी बाई कित्येक गावांत मण्यार असते, मुसलमान. घरातल्या बायका तिला आत बोलावतात, ती हात दाबून, मऊ करून, एकही बांगडी न फोडता चुडा चढवते, ओटीत तांदूळ-नारळ घेते आणि दुसऱ्या घरी जाते. ही बाई कुठल्या यादीत घालणार?

आपली आडनावं बघा. बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, पिंजारी, शिकलगार, मोमीन. सगळी धंद्याची नावं. बागवान फळं-भाजी विकणार, तांबोळी पानं, शिकलगार धार लावणार. गावगाड्यात प्रत्येक आडनावाला गिऱ्हाईक होतं आणि ते गिऱ्हाईक सगळं गाव होतं. सच्चर समितीनं 2006 साली मांडलेला आकडा तुमच्यापैकी काहींना माहीत असेल: काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात, हिंदूंमध्ये हेच प्रमाण सुमारे 55 टक्के. म्हणजे आपल्यात नोकरी करणारा माझ्यासारखा कमी, स्वतःचं काहीतरी करणारा जास्त. अशा समाजानं 'आपण आपल्यातच घेऊ' म्हणणं म्हणजे हातानं गिऱ्हाईक कमी करणं. मढीत ज्यांनी ठराव केला त्यांनाही हेच तर हवं होतं.

मग रिकाम्या झालेल्या रकान्यात काय घालायचं? चाचांनीच सुचवलं, नकळत. ते म्हणाले, "जून-जुलैत मला फोन करू नकोस. हवेत ओल असते, कापूस फुलत नाही." मी 'महिना' असा रकाना केला. कुठला धंदा कधी चालतो, कधी बसून असतो. आणि इथून मजा सुरू झाली.

आता इथे जे कॉम्प्युटरवाले बसलेत त्यांच्यासाठी एक आडवाट. हा 'महिना' रकाना मी आयुष्यात बनवलेल्या सगळ्यात अवघड रकान्यांपैकी एक आहे. आपल्याकडे तीन कॅलेंडरं एकाच वेळी चालतात. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2030 साली जानेवारीत एक रमजान सुरू होईल आणि डिसेंबरअखेर दुसरा. पंचांगही चंद्रावरचंच, पण अधिक महिना टाकून ते ऋतूला धरून ठेवतं, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडालाच येते. आणि पगार इंग्रजी तारखेला. या तिन्हींची गाठ कधी कधी अशी पडते की बघत राहावं. 2023 साली 29 जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, आणि कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी आपणहून त्या दिवशी कुर्बानी केली नाही. 2025 साली 6 जुलैला मोहरमची दहावी तारीख आणि आषाढी एकत्र. व्यवसायाच्या बाजूनं याचा अर्थ काय? शेवया वळणाऱ्या बाईला ऊन हवं. रमजान उन्हाळ्यात होता तेव्हा तिच्या शेवया दिवसात वाळायच्या. आता तो थंडीकडे सरकतोय, पुढे काही वर्षांनी पावसाळ्यात जाईल. तेव्हा तिला आधी करून ठेवाव्या लागतील, म्हणजे पैसे आधी गुंतवावे लागतील. ते कुणाकडून आणायचे? यावर नंतर येतो.

आधी मिरज. या शीटच्या निमित्तानं मी जिथे जिथे गेलो त्यात मिरजेनं मला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं, म्हणून थोडं लांबवतो.

मिरजेत तंतुवाद्यं बनतात, सतार आणि तानपुरा. बनवणारी मूळ घराणी शिकलगारांची. तलवारी-भाल्यांना धार लावणारे हात. संस्थानांतली शस्त्रं थंडावली तसे एकोणिसाव्या शतकात हे लोक वाद्यांकडे वळले. पोलादावर चालणारा हात लाकडावर आणि भोपळ्यावर चालू लागला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. जीआयचा अर्थ नीट समजून घ्या, कारण बरेच जण त्याला बक्षीस समजतात. तानपुरा कुठेही बनवता येतो. पण 'मिरजेचा' म्हणून तो विकायचा तर तो मिरजेचाच असायला हवा, एवढं संरक्षण. गिऱ्हाईक काही जीआय आणून देत नाही.

मी गेलो तेव्हा एका लहान कारखान्यात, खरं तर घराच्या पुढच्या खोलीतच, भोपळे रचून ठेवले होते. खायचा भोपळा नाही हा, जाड सालीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो. तो वाळवायचा, कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतून काठ्या टेकवून हवा तसा गोल फुगवायचा आणि पुन्हा वाळवायचा. मग वर लाकडाची तबली बसवायची, दांडी जोडायची, खुंट्या, कोरीवकाम, पॉलिश. हे सगळं झाल्यावर वाद्य तयार झालं असं मला वाटलं. कारागीर म्हणाले, "आता खरं काम." घोडीवर, म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्यावर, ते कानस चालवायला लागले. इतकी हलकी की भुकटीसुद्धा दिसेना. दोनदा घासायचं, तार लावायची, छेडायची, कान लावायचा, तार सैल करायची, पुन्हा घासायचं. याला जवारी काढणं म्हणतात. तार घोडीला जेमतेम चाटून गेली की तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. तारेखाली एक सुताचा धागा सरकवून ते शेवटचं केसभर अंतर जमवतात. मोजमाप कुठलंही नाही. जवारी बिघडली तर गवय्या लगेच सांगतो आणि सुधारायला मिरजेच्या माणसालाच शोधतो.

तिथे मी एक मूर्खपणा केला. किंमत ऐकून म्हटलं, "थोडं कमी करा ना." ज्या फोनसाठी मी दुकानात एक रुपयाही कमी करायला सांगितलं नव्हतं, तो हातात धरून. कारागीर काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलानं विचारलं, "सर, तुमच्या फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप आहे का?" होतं. फुकटचं. मुलगा म्हणाला, रियाझाला आता बरेच जण तेच लावतात. ते ॲप माझ्यासारख्याच कुणीतरी खोलीत बसून बनवलं असणार. मला बोलायला तोंड राहिलं नाही. मुलगा स्वतः आयटीआय करतोय आणि जवारी शिकायची की नाही हे त्यानं अजून ठरवलेलं नाही. माझं मत विचाराल तर त्याला कुणी वारशाच्या नावाखाली बांधून ठेवू नये. पण त्याला हिशेब तरी मांडता यावा, वर्षाला किती वाद्यं जातात, दुरुस्तीची किती कामं येतात, याचा.

मिरजेला जायचं तर उरुसाला जा. ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 साली वारले, त्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या नावानं भीमसेन जोशींनी 1953 साली पुण्यात महोत्सव सुरू केला, ज्याला आपण नुसतं 'सवाई' म्हणतो आणि ज्याची तिकिटं डिसेंबरात आपले हिंदू मित्र काढतात. आपल्यातले फार थोडे जातात, का कुणास ठाऊक. गाणाऱ्याच्या मागे दोन तानपुरे असतात. पुढच्या वेळी त्यांच्याकडे बघा. उरूस हिजरी तारखेनं, सवाई इंग्रजी महिन्यानं. माझ्या शीटमध्ये दोन्ही एकाच ओळीत आहेत.

बाकीच्या नोंदी भरभर सांगतो.

सांगली जिल्ह्यातच कडेगावचा मोहरम. गगनचुंबी ताबूत, आणि ते बांधताना आधी कळस, मग पाया. ताबूत मुसलमानांचे आहेत तसे हिंदूंचेही. सध्या मोहरम जून-जुलैत येतो, तेव्हा छत्री न्या.

डिसेंबरात मुंबईला माहीमची जत्रा, मखदूम फकीह अली माहिमींच्या दर्ग्याची. दहा दिवस. पहिला संदल मुंबई पोलिसांचा. पाळणेवाले, हलवा-पराठेवाले, खेळणीवाले यांच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा अशा जत्रांवरच असतो. ही मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जातात. मढीसारखी एक यात्रा बंद झाली की त्यांच्या साखळीतला अख्खा महिना जातो. तो ठराव वाचताना मला हे कळलं नव्हतं.

छत्रपती संभाजीनगरला थंडीत गेलात तर नान-खलिया खाच, पण हिमरूही बघा. सूत आणि रेशीम मिळून विणलेलं कापड. हातमाग अगदी मोजके उरलेत, आणि दुकानात हिमरू म्हणून यंत्रावरची शाल सर्रास मिळते. हातमागाचीच हवी असेल तर कापड उलटून बघा, जुन्या पद्धतीच्या हिमरूत मागच्या बाजूला धागे सुटे तरंगतात. आणि माग कुठे आहे ते दाखवा म्हणा. खरा विणकर आनंदानं दाखवतो.

मार्च-एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटतात. आमच्या चाचांकडे त्या कापसाच्या उश्या होतात. पुढे मागणी वाढली तर मला शिव्या घालू नका, उशी एकदा वापरून बघा.

आता पैशाचं. शेवयावालीचा प्रश्न मी मध्येच सोडला होता. आपण 'पाठिंबा' म्हणून काय करतो? रमजानमध्ये मित्रांना घेऊन 'फूड वॉक'ला जातो, रील काढतो, ज्याच्यापुढे आधीच रांग आहे त्या कबाबवाल्याची रांग आणखी वाढवतो आणि द्रोण रस्त्यावर टाकून येतो. इफ्तारच्या वेळी खुर्च्या अडवून बसतो, रोजा असलेला हमाल उभ्यानं पाणी पितो. मी हे सगळं केलेलं आहे. त्या कबाबवाल्याला आपली गरज नाही. गरज बंद महिन्यांत असते. शेवयांची ऑर्डर दोन महिने आधी द्या आणि पैसेही तेव्हाच द्या. व्याज नको, कर्ज नको, नुसती आगाऊ ऑर्डर. आमच्या ऑफिसातल्या अकरा जणांनी, ज्यात मुसलमान मी एकटा, एका बाईंना असे पैसे दिले. त्यांनी रवा घाऊक भावानं घेतला. ईदला सगळ्यांच्या घरी शिरखुर्मा झाला. एका जोशीबाईंनी त्याच शेवयांचा उपमाही केला, तो चांगला झाला म्हणतात.

त्या बाईंबद्दल एक सांगायचं राहिलं. माझ्या नोंदीत आधी त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, कारण फोन त्यांचा आणि पाटीही त्यांची. शेवया बाई वळतात, जाऊ वाळवते, मुलगी वजन करते. त्यामुळे आता शीटमध्ये 'मालक' हा रकाना नाही, 'बनवतं कोण' असा आहे. यूपीआयचा कोडही बनवणारीच्या खात्याचा लावा असं आम्ही सुचवतो. एका घरात यावरून भांडण झालं. ते मिटलेलं नाही आणि त्यात आमची चूक होती की नाही, यावर आमच्यातच दोन मतं आहेत.

सरकारी योजनांचं थोडक्यात. पीएम विश्वकर्मा योजना 2023 साली सुरू झाली, 18 पारंपरिक धंद्यांसाठी. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, नंतर दोन लाखांपर्यंत, पाच टक्के व्याजानं. शिंपी त्यात आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, न्हावी आहे. पिंजारी नाही. म्हणून चाचांना मी तीन चकरा फुकट मारायला लावल्या, आधी यादी वाचली असती तर वाचल्या असत्या. तुम्ही आधी वाचा. व्याजाबद्दल ज्याचं त्याचं मत असेल, फॉर्म भरण्याआधी ते विचारा, गृहीत धरू नका.

आणि आपल्या दुकानदारांनाही मी सोडणार नाही. बिल मागितलं की चेहरा पडतो. मंगळवारी देतो म्हणतात, तो मंगळवार तीन आठवड्यांनी येतो. बाई एकटी आली तर तिला बसायला जागा नसते. मी हे त्यांना तोंडावर सांगतो, शीटमध्ये 'शेरा' रकान्यात लिहितो, आणि दोन जणांनी त्यामुळे माझ्याशी बोलणं सोडलंय. 'आपला आहे' म्हणून खराब माल घेतला तर दुसऱ्यांदा कुणी घेत नाही, आपणही नाही.

सध्या शीटमध्ये ऐंशीच्या वर नोंदी आहेत. त्यात पीठगिरणीवाले काका आहेत, जे आमच्या मोहल्ल्यात एकमेव हिंदू दुकानदार आहेत आणि रमजानमध्ये सहेरीच्या आधी गिरणी सुरू करतात. बुरुडाची टोपल्यांची गाडी आहे. चाचा आहेतच, त्यांच्या ओळीत 'जून-जुलै फोन करू नये' लाल अक्षरात. ॲप अजून नाही, आणि खरं सांगायचं तर लागेल असंही वाटत नाही. प्रत्येक नोंद त्या माणसाला वाचून दाखवून, त्याची हो आल्यावरच ठेवतो. ज्यांनी नको म्हटलं त्यांची काढली.

पुढच्या रविवारी आम्ही धार लावणाऱ्यांच्या आणि भांड्यांना कल्हई करणाऱ्यांच्या नोंदी घ्यायला निघणार आहोत. सकाळी नऊला, वह्या आमच्याकडे आहेत. ज्यांच्या घरी बोथट सुऱ्या आहेत त्यांनी त्या घेऊन या.